क्लिक करा, गल्ली आहे तोवर!

लडाखला जाऊन फोटो सगळेच काढतात, बॉस! पण घराखालच्या रस्त्याचा फोटो आहे का तुमच्याकडे? पुण्याच्या एरंडवण्यात मोबाइल घेऊन एक वर्ष भटकल्यावर हाती काय लागलं, त्याची ही गोष्ट...

जरा मोबाइल काढा. गॅलरी उघडा. आता प्रामाणिकपणे सांगा, तुमच्या स्वतःच्या गल्लीचा एक तरी फोटो त्यात आहे? गोव्याचा सनसेट असेल. मैत्रिणीच्या संगीतचे दोनशे फोटो असतील. कॉफीच्या फेसावरचं बदाम असेल, ऑफिसच्या टीम लंचचा तो कायमचा तिरका सेल्फी असेल. पण रोज सकाळी जिथे उभं राहून तुम्ही रिक्षाची वाट बघता तो कोपरा? ज्या झाडाखाली गाडी लावायला मिळावी म्हणून शेजाऱ्यांशी भांडता ते झाड? नाही ना?

हा प्रश्न मी हल्ली भेटेल त्याला विचारते. उत्तर ठरलेलं असतं. आधी हसतात, मग गॅलरी वर-खाली करतात आणि शेवटी म्हणतात, "अगं, पण त्यात काढण्यासारखं काय आहे?"

तर त्यात काय आहे, हेच सांगायचंय.

एक वर्ष, एक किलोमीटर, एक मोबाइल

मागच्या जूनपासून मी दर रविवारी सकाळी एकच परिसर फोटोत पकडतेय. नळ स्टॉपपासून लॉ कॉलेज रोड, तिथून प्रभात रोडच्या नंबरवाल्या गल्ल्या, कमला नेहरू पार्क आणि पाय साथ देत असतील तर मागची टेकडी. सगळं मिळून चालण्याच्या अंतरात. ना डीएसएलआर, ना लेन्सची बॅग. खिशातला तीन वर्षं जुना फोन आणि पाण्याची बाटली.

कारण अगदी साधं होतं. आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली. सत्तरच्या दशकातली तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही, पावसाळ्यात गच्ची गळणार म्हणजे गळणारच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार माणसांनी खुर्चीत बसवून वर नेलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं की आता हे पाडून नवं बांधायला हवं. त्यामुळे इथे कुणी व्हिलन नाही. फ्लॅटमालकांना नवा फ्लॅट मिळणार, तो तयार होईपर्यंत बिल्डरकडून भाडं मिळणार. आमच्यासारख्या भाडेकरूंचा हिशेब सोपा असतो. एक महिन्याची नोटीस, डिपॉझिट परत आणि 'ऑल द बेस्ट'!

डिसेंबरमध्ये मी वारज्याला शिफ्ट झाले. रविवारी मात्र बसने इकडे येतेच. मित्रमंडळी म्हणतात, "घर सुटलं, पण गल्ली सुटत नाही हिची!" खरंय. आणि का सुटत नाही, ते फोटो काढायला लागल्यावरच नीट कळायला लागलं.

या भागात एक शब्दप्रयोग आहे, 'पत्रे लागले'. एखाद्या प्लॉटभोवती उंच पत्र्याचं कुंपण आलं की समजायचं, आत जे काही आहे ते आता थोड्याच दिवसांचं. काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी खिडक्या, गोलाकार बाल्कनी, पोर्चमध्ये झोपाळा आणि गेटवर 'श्रमसाफल्य' नाहीतर 'मातृछाया'. असे बंगले प्रभात रोडला अजून आहेत. पण प्रत्येक गल्लीत दोन-तीन ठिकाणी पत्रे आहेतच. आणि गंमत अशी की पत्रे लागल्यावर आठ दिवसांत माणसं विसरतात, इथे आधी काय होतं! मी स्वतः लोकांना विचारून बघितलंय. "इथे तो पिवळा बंगला होता ना?" "छे, पांढरा होता." "पांढरा पलीकडचा." अशी मस्त जुंपते. फोटो काढा म्हणजे ही भांडणं मिटतील, हाही एक सामाजिक फायदाच म्हणा!

अर्काइव्ह गल्लीत, पण गल्लीचं अर्काइव्ह कुठाय?

या परिसराचं कॅमेऱ्याशी नातं भलतंच जुनं आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. 'संत तुकाराम' (१९३६) इथल्याच स्टुडिओत घडला. रस्त्याला नावही कंपनीचंच मिळालं. त्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. देशाची चित्रस्मृती सांभाळणारी जागा म्हणजे आमच्या लॉ कॉलेज रोडचं संग्रहालय! पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून फिल्मचे डबे गोळा केले म्हणून जुने सिनेमे आज बघायला मिळतात. तरी मूकपटांच्या जमान्यातले बहुतेक सिनेमे गेले ते गेलेच. कारण त्या काळात कुणालाच वाटलं नव्हतं की हा टाइमपास सांभाळून ठेवायची गोष्ट आहे.

गल्लीचं अगदी तसंच होतं. घरोघरचे अल्बम काढून बघा. मुंज, डोहाळजेवण, लग्न, नातवाचं बारसं. सगळे फोटो घराच्या आतले, नाहीतर हॉलमधले. बाहेरचा रस्ता दिसलाच तर चुकून, वरातीच्या घोड्यामागे! १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. त्या दिवसांचे फोटो आपण अजून बघतो. पण पुराच्या आदल्या दिवशी, अकरा जुलैला, तो रस्ता कसा दिसत होता? त्या दिवशी काहीच 'घडलं' नव्हतं. मग कोण कशाला फोटो काढेल!

ज्यांना अशा 'काहीच न घडलेल्या' फोटोंची किंमत कळली, त्यांच्यातलं मोठं नाव म्हणजे पॅरिसचा युजीन अ‍ॅत्जे. १८५७ चा जन्म. आधी नट होता, तिथे फारसं जमलं नाही. मग लाकडी कॅमेरा आणि काचेच्या जड प्लेट्स घेऊन हा गृहस्थ भल्या पहाटे पॅरिसच्या रस्त्यांवर फिरायचा. दुकानांच्या काचा, जिने, दारं, अंगणं, बागा, फेरीवाले. चित्रकारांना संदर्भासाठी लागणारे फोटो विकणं हा त्याचा धंदा. जुनं पॅरिस पाडलं जात होतं आणि हा ते शांतपणे साठवत होता. १९२७ मध्ये तो गेला, तेव्हा बाहेर फार कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन फोटोग्राफर बाईने त्याच्या प्लेट्स आणि प्रिंट्स धडपडून वाचवल्या. १९६८ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतला. आज फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅत्जे शिकावा लागतो. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? रिकामे रस्ते आणि दुकानांच्या पाट्या!

झाडांचं कॅलेंडर

पहिले दोन महिने मी जे काढत होते ते सगळं 'पोस्टकार्ड' टाइप होतं. दगडी बंगला, वेल, सायकल टेकवलेली. दिसायला सुंदर, पण एकाच छापाचं. मग एक छोटा नियम केला. दर रविवारी त्याच बारा जागांवर उभं राहायचं आणि तीच फ्रेम घ्यायची. खांब डाव्या कडेला, फरसबंदीची रेष खालून तिसऱ्या भागात. बस्स!

आणि मग जादू झाली. कारण रस्ता तोच राहिला, पण झाडं दर आठवड्याला कपडे बदलत होती.

ऑक्टोबर उजाडला की सप्तपर्णी फुलते. रात्री तिचा वास इतका दाट येतो की निम्मी गल्ली खूश आणि निम्मीचं डोकं दुखतं. त्याच सुमाराला बुचाची फुलं. लांब दांड्याची, पांढरी, रात्री झाडावरून गळणारी. सकाळी साडेसहाला गेलात तर रस्त्यावर पांढरा गालिचा. आठ वाजता झाडूवाल्या ताई येतात आणि गालिचा संपतो. म्हणजे हा फोटो काढायला रोज फक्त दीड तास मिळतो! फेब्रुवारीत टेकडीवर काटेसावरीला लाल फुलं, पाठोपाठ पळस. पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटते, ती दुपारच्या उन्हात मागून बघा, जणू आत दिवा लावलाय. एप्रिल-मेमध्ये बहावा, सोनमोहर, गुलमोहर आणि आपल्या राज्याचं फूल असलेला जांभळा ताम्हण. मेच्या कडकडीत उन्हात डांबरावर पिवळा आणि लाल सडा बघितला की वाटतं, एसी केबिनमध्ये बसून आपण हे सगळं मिस करतोय यार!

अजून एक अँगल सांगते. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. कर्वे रोडचं जुनं रूप तिने बदललं, त्यावर दोन तास वाद घालणारे काका तुम्हाला कुठल्याही अमृततुल्यमध्ये भेटतील. पण नळ स्टॉपच्या आसपास मेट्रोच्या खिडकीतून एकदा बाहेर बघा. आयुष्यभर खालून बघितलेली झाडं इथे चक्क डोळ्यांच्या पातळीवर येतात. घरट्यात बसलेला कावळा तुमच्याकडे 'तिकीट काढलंय का?' अशा नजरेने बघतो.

"ताई, हा फोटो कुठं जाणार?"

एका गल्लीत झाडाखाली इस्त्रीची गाडी आहे. कोळशाची इस्त्री, कपड्यांची गाठोडी, खांबाला अडकवलेला छोटा रेडिओ. सकाळचं ऊन फांद्यांमधून नेमकं वाफेवर पडतं. कुठल्याही फोटोग्राफरचा हात शिवशिवेल अशी फ्रेम! मी मोबाइल वर केला आणि काकांनी इस्त्री खाली ठेवली.

"ताई, हा फोटो कुठं जाणार?"

"कुठे नाही काका, मी या भागाचे फोटो काढते. आवड म्हणून."

"मागं एकाने असाच आवड म्हणून काढला होता. आठ दिवसांत माझी गाडी उचलून नेली. सोडवायला तीन चकरा आणि दोन दिवसांची कमाई गेली."

मी मोबाइल खिशात ठेवला. मग आम्ही चहा घेतला. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आपण म्हणतो, 'रस्ता सार्वजनिक आहे, फोटो काढायला कुणाची परवानगी कशाला?' ते बरोबरही आहे. सार्वजनिक रस्त्यावरून रस्त्याचा, झाडाचा, इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. पण ज्याचं पोट त्या फुटपाथच्या चार फुटांवर आहे, त्याच्यासाठी तारीख आणि लोकेशन असलेला फोटो म्हणजे आठवण नसते. पुरावा असतो. आपल्याला 'व्हिंटेज' वाटणारी चौकट त्याच्यावर उलटू शकते.

पुढच्या दोन-तीन रविवारी मी नुसतीच थांबले, गप्पा मारल्या. मग एकदा काकाच म्हणाले, "काढा एक. पण माझ्या पोरीला दाखवायला. पेपरात नको." काढला. प्रिंट करून दिला. तो त्यांनी घरी नेला. म्हणूनच या लेखासोबत काकांचा फोटो नाही आणि गल्लीचा नंबरही मी लिहीत नाहीये.

झाडावरचा कागद

आता याच नाण्याची दुसरी बाजू. मार्चमधल्या एका रविवारी माझ्या बारा जागांपैकी सातव्या जागेवर गेले, तर शिरीषाच्या खोडावर कागद डकवलेला. झाड तोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज आलाय, कुणाची हरकत असल्यास दिलेल्या मुदतीत कळवा. कारणाच्या रकान्यात शब्द होता, 'वाळलेले'.

महाराष्ट्रात शहरांमधली झाडं जपण्यासाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायची परवानगी द्यायच्या आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते, म्हणजे लोकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' दर्जाही दिलाय. कायदा चांगलाच आहे. पण आपल्यापैकी किती जण चालता चालता झाडाचा कागद वाचतात?

शिरीषाचं एक वैशिष्ट्य आहे. हिवाळ्यात त्याची सगळी पानं गळतात. राहतात त्या फक्त वाळक्या, चपट्या शेंगा. वारा आला की खुळखुळा वाजल्यासारख्या वाजतात. ज्याला माहीत नाही त्याला वाटणार, गेलं हे झाड! आणि एप्रिलमध्ये तेच झाड पोपटी पालवीने भरून जातं, पावडर-पफसारखी सुगंधी फुलं येतात. माझ्याकडे त्याच झाडाचे, त्याच फ्रेममधले जूनपासूनचे फोटो होते. जूनमध्ये हिरवंगार. सप्टेंबरमध्ये हिरवंगार. नोव्हेंबरमध्ये हिरवं. जानेवारीत शेंगा. प्रत्येक फोटोला तारीख.

समोरच्या बिल्डिंगमध्ये बँकेतून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावला, सगळे दोनदा बघितले आणि म्हणाले, "प्रिंट काढून आण. पत्र मी लिहितो." पत्र कसलं, पाच ओळींचा नमुनाच! 'सोबत जोडलेल्या छायाचित्रांवरून सदर वृक्ष जिवंत असल्याचे स्पष्ट होते.' खाली गल्लीतल्या सतरा जणांच्या सह्या. हरकत वेळेत गेली. पुन्हा पाहणी झाली. रस्त्यावर झुकलेली एक मोठी फांदी कापली, ते योग्यच होतं. झाड उभं आहे. एप्रिलमध्ये त्याला पालवी आली तेव्हा बँकवाल्या काकांनी मला सकाळी सहा वाजता फोन केला. "हे तुझं वाळलेलं झाड बघायला ये!"

प्रत्येक वेळी अशी हिंदी सिनेमासारखी एंडिंग होत नाही हो. जागा क्रमांक तीनवरचा रेन ट्री रीतसर परवानगीने गेला. सगळे कागद बरोबर होते. त्या फ्रेममध्ये आता नुसतं आकाश आहे. तरी मी दर रविवारी तिथे उभी राहते आणि तोच फोटो काढते. त्या रिकाम्या आकाशाचीही नोंद व्हायला नको?

टेकडी, आपली सगळ्यांची

पुणेकराला विचारा, संध्याकाळी काय करतोस? उत्तर येणार, 'टेकडीवर जातो.' वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच. लॉ कॉलेजच्या मागून, पौड रोडच्या बाजूने, चतुःशृंगीकडून, जिकडून जमेल तिकडून लोक वर चढतात. वर दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. मोर ओरडतात. जानेवारी-फेब्रुवारीत गिरिपुष्पाला फिकट गुलाबी फुलं येतात, तेव्हा इन्स्टाग्रामवर 'पुण्यातलं जपान' म्हणून फोटो फिरतात. हे झाड मूळचं आपलं नाही, मध्य अमेरिकेकडचं आहे. वनीकरणात लावलं गेलं आणि टेकडी व्यापून बसलं. म्हणजे फोटो सुंदर असला तरी गोष्ट पूर्ण सुंदर नाही. हे कळायला गुलाबी फुलांचा फोटो काढून थांबून चालत नाही, त्याच्या खाली काय उगवतंय आणि काय उगवत नाहीये तेही बघावं लागतं.

बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याच्या विरोधात एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले होते. आजोबा होते, कॉलेजची पोरं होती, कडेवर बाळं घेतलेल्या आया होत्या. रस्ता हवा म्हणणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे. लॉ कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी सातला अर्धा तास अडकलेल्या माणसाला टेकडीचं काव्य ऐकवून बघा! पण ज्या जागेबद्दल शहर इतकं भांडतं, ती जागा पावसाळ्यात, उन्हाळ्यात, पहाटे, तिन्हीसांजेला कशी दिसते हे फोटोत तरी नोंदलेलं असावं. निर्णय काहीही होवो, उद्या कुणी 'तिथे होतंच काय?' असं विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

आजींचं गेट

माझ्या जागा क्रमांक अकरावर एक बंगला होता. होता, कारण फेब्रुवारीत तिथे पत्रे लागले. बंगल्याच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. निर्णय त्यांनीच घेतला. "मला पायऱ्या होत नाहीत आणि मुलीला माझी काळजी होते. घर माणसांसाठी असतं, माणसं घरासाठी नसतात," असं ठणकावून सांगणाऱ्या.

नोव्हेंबरमध्ये मी त्यांच्या गेटसमोर बुचाच्या फुलांचा फोटो काढत होते, तेव्हा त्यांनीच हाक मारली.

"काय गं, काय काढतेस?"

"आजी, तुमचं गेट आणि हा सडा."

"आमच्याकडे घराचे खूप फोटो आहेत. पण सगळे आतले. आम्ही जन्मभर आतून बाहेर बघितलं. बाहेरून कसं दिसायचं ते तू काढ. आणि मला दे."

मी काढला. आठ बाय दहाची प्रिंट करून त्यांच्या भाड्याच्या नव्या फ्लॅटवर नेऊन दिली. मला वाटलं, आजी आता घराकडे बघून हळव्या होतील. पण त्यांनी प्रिंट डोळ्यांजवळ नेली आणि खिडकीवर बोट ठेवलं. "अगं, ही दोरी आलीय की यात!" वरच्या खिडकीतून खाली सोडलेली दोरी आणि तिला बांधलेली छोटी बादली. दुधाची पिशवी आणि पेपर वर ओढून घ्यायला. यजमान आजारी होते तेव्हा बांधलेली, ते गेल्यावरही तशीच राहिली. "हे मी विसरलेच असते बघ," आजी म्हणाल्या. फोटो आता त्यांच्या फ्रिजवर आहे.

मला फ्रेम लावताना ती दोरी दिसलीही नव्हती. मी सडा बघत होते. कॅमेऱ्याचं हे एक बरं असतं, आपल्याला महत्त्वाचं वाटत नाही तेही तो मुकाट्याने ठेवून घेतो.

फोटोवॉकचा फंडा

पटलं ना? मग ऐका, सुरुवात एकदम सोपी आहे.

जागा थोड्या, पण ठरलेल्या. घरापासून पंधरा मिनिटांच्या परिघात पाच जागा निवडा. एक झाड, एक कोपरा, एक दुकान, एक गेट आणि एक मोकळी जागा. दर आठवड्याला जमत नसेल तर महिन्यातून एकदा. पण फ्रेम तीच.

ग्रिड ऑन करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड असतं. खांब, कट्टा, भिंतीची कड अशी न हलणारी वस्तू त्या रेषेवर ठेवली की पुढच्या वेळी तीच फ्रेम चटकन सापडते. मागचा फोटो उघडून ताडून बघा.

उजेड फुकट आहे, वेळेवर घ्या. सूर्य उगवल्यानंतरचा एक तास बेस्ट. पुण्यात जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, मेअखेर सहाच्या सुमाराला. म्हणजे उन्हाळ्यात आळस चालणार नाही! झाडाखालच्या सावलीत फोटो भुरकट येत असेल तर स्क्रीनवर उजेडाच्या जागी टॅप करा आणि बोट किंचित खाली ओढा.

वाइडचा मोह टाळा. अल्ट्रा-वाइडमध्ये बंगले वाकडे दिसतात. चार पावलं मागे जा, साध्या लेन्सने काढा.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आतली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. कुणाला पुरावा म्हणून द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कुणाची अडचण होणार असेल तर नेमकं उलट, लोकेशन काढून टाका. फोल्डरला नाव द्या, 'गल्ली-महिना-वर्ष'. 'न्यू फोल्डर टू' नको!

माणसांना विचारा. लहान मुलं असतील तर आई-बाबांना विचारल्याशिवाय नाहीच. बंगल्याच्या खिडकीतून आत झूम करायचं नाही. वॉचमन काकांनी हटकलं तर कायदा ऐकवू नका, आधी फोटो दाखवा. दहातले नऊ वॉचमन मग स्वतःच सांगतात, "मॅडम, तिकडून काढा, चांगला येईल." महापालिकेच्या बागेत ट्रायपॉड लावायचा असेल तर गेटवर विचारून घ्या.

एकट्याने खाणीकडे नको. टेकडीवर फिरणारे लोक असतात त्या वेळेत जा, जमलं तर जोडीने. मुलींनो, हे खास आपल्यासाठी. आणि मुलग्यांनो, तुमच्यासाठीही.

प्रिंट काढा. वर्षाला बारा तरी. क्लाउडवरचे फोटो कुणी फ्रिजवर लावत नाही.

येत्या रविवारी अलार्म नेहमीपेक्षा एक तास आधीचा लावा. दूर कुठे जायचं नाही, पेट्रोल जाळायचं नाही. चपला घाला, खाली उतरा आणि गेटबाहेर उभं राहून समोर जे दिसेल त्याचा पहिला फोटो काढा. दुधाची गाडी, फुटलेला फुटपाथ, गुलमोहर, त्याखाली झोपलेला कुत्रा, मागे अर्धवट दिसणारी सोसायटीची पाटी. अगदी बोअरिंग आला तरी डिलीट करू नका. पाच वर्षांनी कुणीतरी येऊन विचारेल, "इथे आधी काय होतं हो?"

तेव्हा मोबाइल तुम्हीच काढायचाय!